रेन मोड चालू होता, तरी गाडी पडली कशी? ताम्हिणीतल्या एका लो-साईडचं प्रकरण

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी घाट उतरताना आमच्या ग्रुपमधला एक पोरगा पडला, लो-साईड झाला, म्हणजे टायरची पकड सुटून गाडी ज्या बाजूला झुकलेली त्याच बाजूला आडवी पडली. वय पंचविशीच्या आसपास, गाडी नवीकोरी, चारशे सीसीच्या आसपासची ट्विन सिलेंडर स्पोर्टबाईक, फुल फेअरिंगवाली, म्हणजे पुढून आणि बाजूने आवरणाने झाकलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ह्या प्रकरणात दोष गाडीचा नाहीये आणि नाव लिहिलं की अर्धी चर्चा "मी तर आधीच म्हणलो होतो ती गाडी घेऊ नको" ह्यातच जाते. पोरगा धड आहे, घोटा सुजला होता तेवढंच. पण पडल्यावर त्याने जो पहिला प्रश्न विचारला त्यावर मी बरेच दिवस विचार करत होतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. प्रश्न असा, "दादा, रेन मोड चालू होता, ट्रॅक्शन कंट्रोल फुल वर होतं, एबीएस चालू होतं, मग गेली कशी गाडी?"

(रेन मोड म्हणजे पावसासाठीचं सेटिंग, ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे रेस देताना मागचं चाक जागेवर फिरू न देणारी यंत्रणा, आणि एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी.) प्रश्न बरोबर आहे. शोरूममध्ये त्याला हेच सांगितलेलं ना, की पावसात रेन मोड टाका आणि निवांत जा.

आधी काय घडलं ते. पुणे, पौड, मुळशी करत आम्ही विळ्याच्या बाजूला उतरत होतो, पुढे माणगावला जेवायचा बेत. जुलैतली सकाळ, पाऊस थांबून थांबून, रस्ता पूर्ण ओला. धुकं होतं पण फार दाट नाही. एक डावीकडे वळणारा उताराचा हेअरपिन, म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरवणारं वळण. पोरगा वळणात शिरला, साधारण अर्ध्यावर पोचला, आणि समोर डोंगराच्या बाजूने वाहून आलेला लाल गाळ रस्त्यावर आडवा पसरलेला दिसला, त्याने पुढचा ब्रेक दाबला, पुढचं चाक आत दुमडलं आणि गाडी डाव्या कुशीवर आडवी होऊन समोरच्या लेनमध्ये घसरत गेली. समोरून त्या वेळी कोणी येत नव्हतं. हे नशीब, दुसरं काही नाही, कारण आमच्यानंतर दोनेक मिनिटांनी तिथूनच माणगावकडून येणारी एसटी वर गेली.

सुदैवाने मागच्या मित्राच्या हेल्मेटवर कॅमेरा होता, त्यामुळे "मला वाटतं असं झालं असेल" ह्या गप्पांवर थांबावं लागलं नाही. तो व्हिडिओ आम्ही नंतर लॅपटॉपवर एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितला. कॅमेऱ्याच्या जीपीएसवर मागच्या गाडीचा स्पीड दिसतो, तो वळणात शिरताना ४० च्या आसपास होता आणि दोघांमधलं अंतर तेवढंच राहतंय, म्हणजे पोराचाही स्पीड तेवढाच धरायचा. वळणात शिरताना ब्रेक लाईट बंद होतो, म्हणजे त्याने ब्रेक आधीच करून सोडला होता, इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. मग गाडी झुकलेली असताना हेल्मेट एकदम खाली वळतं, म्हणजे नजर वळणाच्या शेवटाकडून गाळावर आली, आणि पुढच्या काही फ्रेममध्येच ब्रेक लाईट परत लागतो. लाईट लागल्यापासून हँडल आत दुमडेपर्यंत अर्धा सेकंदसुद्धा नाही. मागचं चाक शेवटपर्यंत लाईनीत आहे, बाहेर निघालं नाही. आधी पुढचं चाक गेलं, मग बाकीची गाडी.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण पडल्या पडल्या जमलेल्या लोकांपैकी निम्म्यांचं निदान होतं की ट्रॅक्शन कंट्रोल चाललं नाही. काहींचं म्हणणं त्याने क्विकशिफ्टरने (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) वळणात गिअर पाडला म्हणून मागचं चाक अडकलं असणार. दोन्ही व्हिडिओत टिकत नाहीत. मागचं चाक सरकलं असतं तर गाडीची शेपूट आधी बाहेर आली असती.

आता ट्रॅक्शन कंट्रोल नेमकं करतं काय ते बघू, कारण गैरसमजाचं मूळ इथे आहे. दोन्ही चाकांवर स्पीड सेन्सर असतात, एक खाचांची रिंग फिरते आणि सेन्सर त्या खाचा मोजतो. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त जोरात फिरायला लागलं की इसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, कळतं की मागचा टायर जागेवर घासतोय, मग तो थ्रॉटल कमी करतो किंवा इग्निशन तोडतो, इंजिनची ताकद कमी पडते आणि टायर परत पकड घेतो. एवढंच. सगळा कारभार रेस देताना मागचं चाक फिरलं तर काय करायचं ह्याचा आहे. तुम्ही उतारावर आहात, रेस बंद आहे, पुढच्या ब्रेकवर बोट आहे, तर ट्रॅक्शन कंट्रोलला त्या क्षणी कामच नाही. लेव्हल १ असो की ३ असो, काडीचा फरक नाही.

आणि रेन मोड? त्या गाडीचं मॅन्युअल मी स्वतः वाचलं (त्याने तोपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं). रेन मोडमध्ये तीन गोष्टी बदलतात. थ्रॉटलचा रिस्पॉन्स मऊ होतो, इंजिनची ताकद थोडी कापली जाते, आणि ट्रॅक्शन कंट्रोल सगळ्यात लवकर हात घालणाऱ्या लेव्हलवर जातं. ब्रेकचा त्यात शब्द नाही. एबीएस स्पोर्ट मोडमध्ये जसं चालतं तसंच रेन मोडमध्ये. इंजिन ब्रेकिंगही तेवढंच. मोठ्या गाड्यांवर हे वेगवेगळं सेट करता येतं, पनिगाले व्ही४ वर इंजिन ब्रेकचं वेगळं सेटिंग आहे, यामाहा आर१ ला २०२० पासून आलं, आणि काही गाड्यांवर मोड बदलला की एबीएसची वागणूकही बदलते. पण प्रत्येक गाडीवर "रेन" ह्या चार पिक्सेलच्या शब्दामागे काय काय दडलंय ते वेगळं असतं, आणि ते मॅन्युअलशिवाय कळत नाही. सेल्समनलाही बहुतेक वेळा माहीत नसतं.

थोडक्यात, त्याच्याकडे पावसासाठी असलेली जवळजवळ सगळी इलेक्ट्रॉनिक्स रेस देण्याच्या बाजूची होती, आणि उतारावरचा सगळा धोका ब्रेकच्या बाजूचा. हाच घाट तो चढत असता, वळणातून निघताना पांढऱ्या पट्ट्यावर रेस दिली असती, तर टीसीचा, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोलचा, दिवा लुकलुकला असता आणि त्याला कदाचित कळलंही नसतं की आपण वाचलो.

उरलं एबीएस. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नवीन मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि १२५ च्या वरच्या विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नवीन गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे एबीएस म्हणलं की लोकांना आता काही विशेष वाटत नाही, असतंच. पण साधं एबीएस आणि कॉर्नरिंग एबीएस (वळणात झुकलेल्या गाडीचा विचार करणारं) ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे, आणि ब्रोशरमध्ये दोन्हीसमोर तीच हिरवी टिक असते.

साधं एबीएस फक्त चाकाचा स्पीड बघतं. चाक लॉक व्हायला आलं की प्रेशर सोडतं, परत देतं, परत सोडतं, सेकंदाला अनेक वेळा. पण प्रेशर सोडायच्या आधी ते टायरला थोडं घसरू देतं, कारण सरळ रेषेत तसं थोडं घसरतानाच सगळ्यात जास्त ब्रेक लागतो. गाडी सरळ उभी असेल तर हे एकदम झकास. झुकलेली असेल तर मात्र तेवढं घसरणंसुद्धा जास्त होतं, कारण टायर त्याच वेळी गाडीला वळणात आत धरून ठेवायचं कामही करतोय. एबीएसला गाडी किती झुकलीये हे माहीतच नाही. त्याच्या हिशोबाने चाक अजून फिरतंय म्हणजे सगळं ठीक आहे, आणि तोपर्यंत चाक आडवं निघून गेलेलं असतं. त्या पोराचं चाक लॉक झालं नव्हतं, व्हिडिओत ते फिरताना दिसतं. एबीएसने आपलं काम चोख केलं आणि गाडी तरीही पडली.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय हे नुसतं बोलणं वाटतं. ते वळण मी सॅटेलाईट मॅपवर मोजलं, त्रिज्या अंदाजे २५ मीटर येते. ४० च्या स्पीडला २५ मीटरच्या वळणात फक्त वळत राहायला टायरला गाडीच्या वजनाच्या साधारण अर्धी पकड बाजूला लावावी लागते, म्हणजे ०.५. गाडी तेव्हा २७ अंशाच्या आसपास झुकलेली. ओल्या, बऱ्या डांबरावर चांगल्या टायरची एकूण पकड ०.६ धरू. भाकरी एकच आहे, वळणाने एवढी मोठी खाल्ली की ब्रेकला तुकडा उरतो. हिशोब सरळ वजाबाकीचा नाही, वर्गमुळाचा आहे (०.६ च्या वर्गातून ०.५ चा वर्ग वजा, मग वर्गमूळ), त्यामुळे ०.३३ च्या आसपास उरते, म्हणजे सरळ रेषेत जेवढा ब्रेक लागला असता त्याच्या जेमतेम निम्मा. हे झालं स्वच्छ ओल्या रस्त्यावर. गाळाचा पातळ थर आला आणि पकड ०.४ वर घसरली तर नुसतं वळायलाच ०.५ लागतंय, म्हणजे ब्रेक न दाबताही गाडी जाणार. त्यावर त्याने ब्रेक दाबला.

आता तेच वळण ३० ने घ्या. गरज ०.५ वरून ०.२८ वर येते, कारण स्पीडचा वर्ग लागतो, १० किमी कमी केले तर काम जवळजवळ निम्म्यावर. स्वच्छ ओल्यावर ब्रेकला ०.५३ शिल्लक, गाळावरसुद्धा ०.२८ शिल्लक. म्हणजे ३० ने त्याने घाबरून ब्रेक दाबला असता तरी साध्या एबीएसला खेळायला जागा होती. स्पीडोमीटरवर ४० आणि ३० दोन्ही आकडे एवढे किरकोळ वाटतात की कोणी त्याला "ओव्हरस्पीड" म्हणणार नाही, पोलीसही नाही आणि आईपण नाही.

मग कॉर्नरिंग एबीएस असतं तर? हा प्रश्न त्याने विचारलाच, आणि मला वाटतं ह्याचं उत्तर लोक फार पटकन "हो" असं देतात. कॉर्नरिंग एबीएसमध्ये आयएमयू नावाचा सेन्सर असतो, गाडी किती झुकली, पुढे किती दबली, किती वेगाने वळतेय हे तो सतत मोजतो, आणि झुकलेल्या गाडीत ब्रेकचं प्रेशर एकदम चढूच देत नाही. बॉशने हे २०१३ मध्ये केटीएम ११९० ॲडव्हेंचरवर पहिल्यांदा आणलं, तेव्हा ते फक्त श्रीमंतांच्या गाड्यांवर होतं. मग २०२० ला आपल्याकडे केटीएमच्याच ३९० ॲडव्हेंचरवर आलं, २०२२ च्या आरसी ३९० वर आलं. दुसरीकडे यामाहाच्या आर१५ व्ही४ ला ट्रॅक्शन कंट्रोल आहे पण कॉर्नरिंग एबीएस नाही, आणि आपल्या बारामतीत बनणाऱ्या एप्रिलिया आरएस ४५७ लाही आयएमयू नाही, जरी राईड मोड आणि टीसी लेव्हल भरपूर आहेत. ह्यात वाईट काही नाही, घेताना माहीत असावं एवढंच.

तर ह्या प्रकरणात कॉर्नरिंग एबीएसने काय केलं असतं? ब्रेक दाबल्या क्षणी पुढचं चाक एवढ्या सहज दुमडलं नसतं, हे नक्की. पण त्याने ब्रेक कमी लागू दिला असता, म्हणजे गाडी कमी स्लो झाली असती, आणि ब्रेकने गाडी थोडी उभी होऊन लाईन बाहेर गेली असती. डाव्या वळणात बाहेर म्हणजे समोरची लेन. आणि गाळावर पकडच ०.४ असेल तर कुठल्याही कॉम्प्युटरला ती ०.५ करता येत नाही. माझं मत, लो-साईड टळली असती अशी शक्यता बरीच, पण समोरून ती एसटी येत असती तर उभ्या गाडीवर बसून तिच्यासमोर जाणं हे लो-साईडपेक्षा चांगलं होतं असं मी म्हणणार नाही.

टायरचीही एक भानगड निघाली. पडल्यावर दुसऱ्या दिवशी टायरवाल्याकडे थंड टायरची हवा बघितली तर पुढे ३६ पीएसआय. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर पुढच्यासाठी २९ लिहिलंय. पंपावरच्या पोराने कारला भरतात तशी भरलेली. एवढ्या हवेने टायर कडक होतो, रस्त्याला कमी टेकतो, आणि पावसात तो नीट गरम व्हायचं नावच घेत नाही. ह्याच्यामुळे पडला असं मी म्हणत नाही, पण जी ०.६ आपण वर धरली ती त्याच्याकडे कदाचित तेवढी नव्हतीच.

आता ह्या प्रकरणाचा दुसरा भाग, जो मला जास्त धोकादायक वाटतो, आणि ह्याबद्दल फार कोणी बोलत नाही.

गाडी उचलली. डावा फूटपेग घासलेला, गिअर लिव्हर आत वाकलेला, क्लच लिव्हरचा शेवटचा गोळा तुटलेला, फेअरिंगवर लांब ओरखडा. गाडी आडवी पडली की टिप-ओव्हर सेन्सर इंजिन बंद करतो, त्यामुळे स्टार्टर दाबून काही होईना, मग किल्ली बंद करून परत चालू केली, स्क्रीन आली, इंजिन लागलं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात "रेन". पोरगा म्हणाला, "बरं झालं, मोड तोच आहे." पण डाव्या कोपऱ्यात एबीएसचा पिवळा दिवा लागलेला होता. किल्ली चालू केली की तो लागतोच आणि गाडी थोडी पुढे गेली, चाकं फिरली की विझतो, हे नॉर्मल. मी त्याला म्हणलं हळू थोडं पुढे घे. घेतली. दिवा विझला नाही. आणि त्याच्या शेजारी टीसीचा दिवाही पक्का लागून राहिला, लुकलुकत नाही, पक्का.

अर्थ सरळ आहे. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोघंही त्याच दोन चाकांच्या सेन्सरवर जगतात. पुढचा सेन्सर गेला की एबीएस बंद, आणि पुढच्या चाकाचा स्पीड कळत नाही म्हणून टीसीही बंद. साधा ब्रेक चालतो, पण आता जोरात दाबला तर चाक खरंच लॉक होणार. आणि स्क्रीनवर मोठ्याने "रेन" लिहिलेलंच राहतं, कारण मऊ थ्रॉटलचा मॅप अजून चालू आहे. म्हणजे स्क्रीन जो विश्वास देते तो अर्धा खोटा. वाकून बघितलं तर डाव्या फोर्कजवळ (पुढचं चाक धरणाऱ्या नळीजवळ) सेन्सरची वायर क्लिपमधून निघून लोंबत होती आणि सॉकेटमध्ये लाल चिखल भरलेला.

माणगावचा बेत तिथेच रद्द. उतरण्यापेक्षा परत वर चढून मुळशीमार्गे पुण्याला जायचं ठरवलं, कारण चढावर पुढच्या ब्रेकवर कमी भार येतो. त्याला मध्ये ठेवला, आणि सांगितलं की तुझी गाडी आता जुन्या काळातली बिनाएबीएसची आहे असं समजून चालव, ब्रेक सगळे सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू, रेस अंडं धरल्यासारखी, क्विकशिफ्टरला हात लावू नकोस. नीट आला. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनरला पुढच्या व्हील स्पीड सेन्सरचाच कोड निघाला, कनेक्टर साफ करून वायर बदलली आणि दिवे विझले.

(जाता जाता, पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड) गाडी लावून गिअर टाकून मागचं चाक फिरवलं की बऱ्याच गाड्यांवर असेच दिवे लागतात, कारण पुढचं चाक उभं आणि मागचं फिरतंय हे बघून कॉम्प्युटर गोंधळतो. तेव्हा घाबरू नका, किल्ली बंद-चालू करून थोडी चालवली की बहुतेक वेळा जातात. नाही गेले तर मात्र दाखवा.)

त्यानंतर त्याच्यासोबत एका रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगच्या मोकळ्या जागेत गेलो. मला खरं एकच गोष्ट बघायची होती, त्याला एबीएस लागल्यावर कसं वाटतं ते माहीत आहे का. नव्हतं. पडेपर्यंत त्याने एकदाही एबीएस लागू दिलं नव्हतं, म्हणजे जी गोष्ट आपल्याला वाचवणार ह्या भरवशावर तो फिरत होता ती कशी लागते हेच त्याने अनुभवलं नव्हतं. सरळ रेषेत, गाडी उभी, ३० ते ४० चा स्पीड, आधी मागचा ब्रेक जोरात, पाय थडथडतो. मग पुढचा. पहिल्यांदा लिव्हर बोटाखाली थडथडला तसा त्याने घाबरून ब्रेक सोडूनच दिला, आणि हे जवळजवळ सगळेच करतात, खऱ्या इमर्जन्सीत सुद्धा. थडथडलं तरी दाबून ठेवायचं, हे हाताला कळायला थोडा वेळ गेला. मग लिव्हर दाबायची पद्धत. एकदम खेचायचा नाही, आधी थोडा दाबून फोर्क खाली बसू द्यायचा, पुढच्या टायरवर वजन येऊ द्यायचं आणि मग जोर वाढवायचा. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं, पण टायरच्या दृष्टीने तो अर्धा सेकंद फार मोठा.

वळणात अचानक काही दिसलं तर काय, हे पार्किंगमध्ये शिकवता येत नाही, निदान मला येत नाही. त्याला एवढंच सांगितलं की रस्ता रुंद असेल आणि समोर कोणी नसेल तर आधी गाडी उभी कर, मग ब्रेक. जागा नसेल तर ब्रेकला हात न लावता, रेस आहे तिथे ठेवून, नजर गाळावर न ठेवता वळणाच्या शेवटी ठेव आणि गाडीला जाऊ दे, टायरकडे जी पकड आहे ती सगळी वळण्याच्या कामी येऊ दे. ४० ने त्या दिवशी हे चाललं असतं का? आकडे म्हणतात नाही. ३० ने चाललं असतं.

बूट त्याने लगेच घेतले, स्पोर्ट शूज घालून आला होता त्यामुळेच घोटा गेला, ग्लोव्हजना तळहातावर स्लायडर, म्हणजे रस्त्यावर घसरणारा कडक तुकडा, होता म्हणून हाताला ओरखडासुद्धा नाही. हवा आता स्टिकरप्रमाणे २९ आणि ३३, घरी छोटा गेज घेतलाय. सेटिंगचं विचारलं तर पावसात अजूनही रेन मोडच ठेवतो, मीही तेच सांगितलं, चढावर आणि वळणातून निघताना त्याचा फायदा आहेच. फक्त घाट उतरायच्या आधी थांबून एबीएसचा दिवा विझलाय का ते बघतो. आणि पुढच्या वेळी गाडी बदलायची झाली तर आधी आयएमयू आहे का ते विचारणार म्हणतो, बजेट मात्र अजून तेवढं नाही.